यान स्टेनच्या गुत्त्यात नेमकं काय बघायचं?

प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही मुलीकडे नेदरलँड्सला गेला होतात, हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये यान स्टेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं गुत्त्याचं मोठं चित्र बघितलंत, ज्याला हल्ली 'माणसाचं आयुष्य' म्हणतात. गाइडने सांगितलं की यातली प्रत्येक वस्तू म्हणजे पापाची खूण आहे, कालवं म्हणजे वासना, अंडं म्हणजे अमुक, पाइप म्हणजे तमुक, कुत्रा म्हणजे आणखी काही. तुम्हाला ते पटलं पण नाही आणि खोडता पण आलं नाही. शिवाय असली दारुडी चित्रं पैसेवाल्या माणसांनी घरात का लावली, हे चित्रकार स्वतः असेच पिऊन पडलेले असायचे का, आणि तुमच्या मामेभावाने चोर बाजारातून आणलेल्या तशाच एका काळपट चित्राचं काय करायचं, असे तीन उपप्रश्न.

मी जुन्या तैलचित्रांच्या कन्झर्वेशनमध्ये (जतन-दुरुस्तीत) आहे, म्हणजे चित्र माझ्यासमोर येतं ते भिंतीवर नाही तर टेबलावर आडवं, फ्रेम काढलेलं, आणि मी त्याच्याकडे भिंग घेऊन बघते. त्यामुळे माझं उत्तर अर्थापासून सुरू होत नाही, वस्तूपासून होतं. माझं म्हणणं एवढंच की अशा चित्रात आधी वस्तू वस्तू म्हणून ओळखायची, ती तिथे का असेल याचं साधं कारण शोधायचं, आणि मग बघायचं की चित्रकाराने मुद्दाम बोट कशावर ठेवलंय. या क्रमाने गेलं की बरेचसे छुपे अर्थ आपोआप गळून पडतात, आणि जे उरतात ते मात्र पक्के निघतात.

तर आधी खोली. सतराव्या शतकातल्या डच गावात गुत्ता म्हणजे नुसता दारूचा अड्डा नव्हता हे डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. तिथे जेवण मिळायचं, मुक्काम करता यायचा, सौदे ठरायचे, लिलाव व्हायचे, आणि चित्रंसुद्धा विकली जायची. चित्रकार व्हर्मीर सगळ्यांना माहितीय, त्याचे वडील डेल्फ्ट शहराच्या बाजारचौकात मेखेलेन नावाची खानावळ-कम-गुत्ता चालवायचे आणि १६३१ पासून चित्रकारांच्या गिल्डमध्ये, म्हणजे धंद्याच्या संघात, आर्ट डीलर म्हणून त्यांची नोंद होती. म्हणजे एका हाताने बिअर आणि दुसऱ्या हाताने पेंटिंग, असा सरळ धंदा. आपल्याकडे गुत्ता म्हटलं की जी नाकं मुरडली जातात ती थोडी बाजूला ठेवावी लागतात. बिअर तर पोरासोरांपासून सगळ्यांच्या रोजच्या पिण्यातली, तीही बरीचशी पातळ, आणि दारूवरच्या करातून शहरांच्या तिजोऱ्या भरायच्या.

आता वस्तू. उंच सरळसोट काचेचा ग्लास असतो बघा, ज्याच्यावर आडव्या कडा उमटवलेल्या असतात, तो पिण्याच्या खेळाचा ग्लास. बरोबर पुढच्या रेषेपर्यंत प्यायचं आणि शेजाऱ्याला द्यायचा, रेष चुकली तर आणखी एक रेष प्यायची. दुसरा तो हिरवट, बुटका, ज्याच्या देठावर काचेचे छोटे छोटे गोळे चिकटवलेले असतात तो वाइनचा, त्या गोळ्यांमुळे तेलकट बोटांतून निसटत नाही. करड्या-तपकिरी मातीचे जग ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांतून यायचे. मातीच्या छोट्या भांड्यात निखारे ठेवलेले दिसतील ते पाइप पेटवायला, कारण काडेपेटी यायला अजून दोनेकशे वर्षं होती. लाकडी चौकोनी पेटीला वरून भोकं पाडलेली, ती पाय शेकायची, आत निखाऱ्याची वाटी. भिंतीवर पाटी आणि तिच्यावर खडूच्या उभ्या रेघा दिसल्या तर ती उधारी, कोणी किती जग रिचवले त्याचा हिशोब. यातलं काहीही चिन्ह वगैरे नाही, खोलीतलं सामान आहे. ज्याला हे सामान ओळखू येत नाही तो प्रत्येक गोष्टीत गूढ शोधायला लागतो हा माझा अनुभव आहे, आणि यात गाइड लोक आघाडीवर, त्यांचाही इलाज नसतो म्हणा, वीस माणसांना एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं करायचं तर काहीतरी चमचमीत सांगावंच लागतं.

आता तुमचं चित्र. स्टेनने ते १६६५ च्या आसपास काढलं, कॅनव्हासवर, साधारण ६८ बाय ८२ सेंटिमीटर, म्हणजे खरं तर तुम्ही म्हणता तेवढं मोठं नाही, आत माणसं खूप भरल्यामुळे मोठं वाटतं. नाव नंतरच्या लोकांनी दिलेलं, त्या काळी चित्रकार सहसा चित्राला नाव देतच नसत, त्यामुळे नावावरून अर्थ काढायला जाऊ नका. माणसं पितायत, खेळतायत, गाणंबजावणं चाललंय, पोरं मध्ये मध्ये करतायत, आणि कालवं चाललीयेत सपाटून, जमिनीवर शिंपल्यांचा खच. कोकणातल्या माणसाला हे बघून पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटेल, वासना बिसना नंतर, आणि हीच बघण्याची निरोगी पद्धत आहे असं मला वाटतं.

पण मग मान वर करा. दोन गोष्टी अशा आहेत की त्या गुत्त्याच्या सामानात बसत नाहीत. एक म्हणजे चित्राच्या वरच्या भागात एक भलामोठा पडदा, वर ओढून बाजूला घेतलेला. कुठल्या गुत्त्यात असा पडदा असतो? तो खोलीतला नाहीच, तो खोलीच्या आणि तुमच्या मध्ये आहे. तेव्हा डच घरांमध्ये चांगल्या चित्रांवर धूळ बसू नये म्हणून खरोखरचे पडदे लावायचे आणि चित्रकार गंमत म्हणून रंगवलेले पडदे पण काढायचे, पण इथे तो इतका अवाढव्य आहे की सरळ रंगमंचाचा वाटतो. स्टेन म्हणतोय की बघा, खेळ सुरू झालाय.

दुसरी गोष्ट बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटते कारण सगळे खाली गर्दी बघत असतात. वर छताला एक उघडी जागा आहे, माळ्याची, आणि तिथे एक पोरगा आडवा पडून साबणाचे बुडबुडे सोडतोय, त्याच्या शेजारी मानवी कवटी. एवढंस्सं आहे ते, फोनवर बघत असाल तर झूम केल्याशिवाय दिसणार नाही. खाली कोणाचंही वर लक्ष नाही. आता माळ्यावर कांदे असू शकतात, सरपण असू शकतं, पोरगा पण असू शकतो, पण कवटी कशाला असेल? तिला साधं कारण सापडत नाही. म्हणून ही खूण पक्की. माणूस म्हणजे बुडबुडा, हे वाक्य लॅटिनमधून युरोपभर फिरलेलं होतं आणि त्या काळात बुडबुडे सोडणारं पोर आणि कवटी ही जोडी छापील चित्रांमध्ये वारंवार यायची, बघणाऱ्याला लगेच कळायचं. आपल्याला पण कळतं, पाण्यावरचा बुडबुडा आपल्याकडे कीर्तनात शेकडो वर्षं आहेच.

म्हणजे बघा, गाइडने खालच्या शंभर वस्तूंना शंभर अर्थ चिकटवले आणि चित्रकाराने अर्थ ठेवला होता फक्त वर, माळ्यावर, आणि एक पडदा लावून. खालची कालवं कालवंच आहेत. हां, आता कालवांना कामोत्तेजक म्हणून तेव्हाही नाव होतं, हे खरंय, आणि स्टेनला ते चांगलंच माहीत होतं. त्याच म्युझियममध्ये त्याचं एक इवलंसं चित्र आहे, वीस बाय पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या पानाएवढं, त्यात एक तरुण मुलगी कालवावर मीठ भुरभुरतेय आणि थेट तुमच्याकडे बघतेय, किंचित हसतेय. मागे पलंगाचे पडदे ओढलेले. तिथे मी वासनेचा अर्थ अजिबात नाकारणार नाही कारण तिथे चित्रकाराने सगळी गर्दी काढून टाकलीय, मुलगी, कालव, नजर आणि पलंग एवढंच ठेवलंय, तुम्ही दुसरा अर्थ काढूच शकत नाही. तीच वस्तू, एकाच चित्रकाराची, पण एका ठिकाणी ती जेवण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आमंत्रण. म्हणून चिन्हांची डिक्शनरी घेऊन चित्र वाचता येत नाही असं मी म्हणते. अंड्याच्या टरफलांचंही तेच, कुत्र्याचंही तेच. कुत्रा एखाद्या जोडप्याच्या पायाशी उजेडात मुद्दाम बसवलाय की भांडं चाटतोय ते बघा आणि ठरवा.

तुम्हाला न पटलेली ती सगळं-चिन्ह-आहे थिअरी हवेतून आलेली नाही हे पण सांगितलं पाहिजे, गाइडवर सगळा राग नको. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये बोधचित्रांची पुस्तकं जोरात खपायची, एक छोटं चित्र, खाली म्हण, खाली पद्यात उपदेश. विसाव्या शतकात एडी डे योंग नावाच्या अभ्यासकाने ती पुस्तकं आणि पेंटिंग्ज शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की रोजच्या जगण्याच्या चित्रांत बोध लपलेला असतो, १९७६ साली आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्यावर मोठं प्रदर्शन झालं आणि मग जगभरच्या कॅटलॉगमध्ये तोच सूर लागला. मग १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी उलट बाजू मांडली, की बाबांनो ही डच माणसं आधी डोळ्यांनी जग टिपणारी आहेत, नकाशे, भिंगं, आरसे यांच्यात रमणारी, प्रत्येक चित्र म्हणजे कोडं समजू नका. तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि अभ्यासकांचं पोट त्याच्यावर चाललंय. माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या चित्रांपुरते बरोबर आहेत, आणि स्टेनच्या बाबतीत तर निर्णय सोपा आहे, कारण या माणसाला बोध करायचा असला की तो लपवत नाही, ओरडून सांगतो.

उदाहरण देते. व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये त्याचं १६६३ चं चित्र आहे, घरातली बाई पेंगलीय आणि सगळं घर बोंबललंय, पोरं, डुक्कर, माकड, सगळे मोकाट. त्यात खाली उजवीकडे पाटी आहे आणि तिच्यावर चक्क लिहिलंय की चैनीत असाल तेव्हा जपा. आणि एवढं करून समाधान नाही म्हणून वर छताला एक टोपली टांगलीय, तिच्यात कुबडी, छडी, महारोग्याची खुळखुळी असलं पुढे वाढून ठेवलेलं सगळं भरलंय. मॉरित्सहाउसमध्येच दुसरं एक भलंमोठं आहे, सव्वा मीटरपेक्षा उंच, मोठे गातात तसे लहान वाजवतात या डच म्हणीवरचं, त्यात म्हातारीच्या हातातल्या कागदावर म्हणच लिहून ठेवलीय, आणि एक बाप आपल्या पोराला खो खो हसत पाइप ओढायला शिकवतोय, तो बाप म्हणजे स्टेन स्वतः. आता जो माणूस पाटीवर लिहितो, वर टोपली टांगतो, माळ्यावर कवटी ठेवतो, तो आणखी शेजारच्या अंड्यात गुपित कशाला लपवेल? लक्षात घ्या, त्याची ही वरती-बघा सवय तुमच्या आणि व्हिएन्नाच्या, दोन्ही चित्रांत आहे. चित्रकाराच्या सवयी ओळखणं हे चिन्हं ओळखण्यापेक्षा फार जास्त कामाचं असतं.

आणि तो स्वतः चित्रात येऊन हसतो ना, ते मला लोकनाट्यातल्या सोंगाड्यासारखं वाटतं, जो खेळातही असतो आणि प्रेक्षकाला डोळाही मारतो, राजाची टिंगल करता करता स्वतःचीही करून घेतो. उपदेशकाच्या खुर्चीत बसून त्याने कधी काही सांगितलं नाही, तो कायम त्या बिघडलेल्या घरातलाच एक.

यावरून तुमच्या दुसऱ्या उपप्रश्नाकडे येते, हे लोक खरंच असे होते का. स्टेनबद्दल ही अफवा पसरवली मुख्यतः हाउब्राकेन नावाच्या चरित्रकाराने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टेन जाऊन चाळीसेक वर्षं झाल्यावर. त्याने सरळ गणित मांडलं, चित्रं अशी तर माणूस असा. अजूनही डच भाषेत पसारा असलेल्या घराला यान स्टेनचं घर म्हणतात. आता कागदपत्रं काय म्हणतात बघा. जन्म १६२६ च्या सुमाराचा, लायडेनचा, वडील बिअर गाळण्याच्या धंद्यात. १६४८ ला गिल्डमध्ये, १६४९ ला यान व्हान होयेन या मोठ्या निसर्गचित्रकाराच्या मुलीशी लग्न. १६५४ ला डेल्फ्टमध्ये एक ब्रुअरी चालवायला घेतली, आणि नशीब बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेल्फ्टचं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शहराचा मोठा भाग बेचिराख, धंदा काही चालला नाही. साठच्या दशकात हार्लेमला, आणि त्याची बहुतेक गाजलेली चित्रं तिथली, तुमचं पण त्याच काळातलं. गुत्ता चालवायचा परवाना त्याने घेतला १६७२ ला, लायडेनला परत आल्यावर, आणि ते वर्ष म्हणजे फ्रेंचांनी हॉलंडवर स्वारी केली, चित्रांचा बाजार एकदम बसला, पोटासाठी दुसरं काहीतरी करणं भाग होतं. म्हणजे गुत्त्याची चित्रं आधीची आणि स्वतःचा गुत्ता नंतरचा. आणि साडेतीनशेच्या आसपास चित्रं त्याच्या नावावर आहेत, त्यातली कित्येक माणसांनी खचाखच भरलेली, ती रोज झिंगून पडणाऱ्याच्या हातून होत नाहीत, पातळ रंगाचा एकेक थर वाळायला किती थांबावं लागतं ते आम्हाला विचारा.

असाच दुसरा बळी म्हणजे आद्रियान ब्रौवर. अँटवर्पमध्ये (आजच्या बेल्जियममध्ये) काम केलेला, स्टेनच्या आधीच्या पिढीतला, १६३८ मध्ये गेला तेव्हा जेमतेम बत्तीस-तेहतीसचा. त्याची चित्रं अवघी साठेक उरलीयेत आणि माझं वैयक्तिक मत म्हणजे गुत्त्याच्या चित्रांमध्ये त्याच्या जवळपास कोणी येत नाही, स्टेनसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं पाइप ओढणाऱ्यांचं चित्र आहे, लाकडी फळीवर. मधला माणूस जग धरून, डोळे वटारून, तोंडातून धूर सोडता सोडता आपल्याकडे बघतोय, एकजण एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीतून धूर काढतोय, सगळे अगदी गावठी टगे वाटतात. आणि मधला तो म्हणजे ब्रौवर स्वतः, बाकीच्यांत त्याचे चित्रकार मित्र आहेत, त्यातला एक यान डे हेम, जो फळाफुलांची नाजूक, महागडी चित्रं काढण्याबद्दल प्रसिद्ध. म्हणजे शहरातले शिकलेसवरलेले कलाकार शेतकरी टग्यांचं सोंग घेऊन बसलेत. या चित्रात कवटी शोधू नका, बुडबुडा शोधू नका, नाहीये. तिथे विषय आहे चेहरा. धूर आत ओढल्यावर डोळे कसे होतात, सोडताना गाल कसे होतात, बस्स. तंबाखू तेव्हा नवीनच होती, अमेरिकेतून आलेली, ओढल्यावर माणसाला काय होतं हे बघण्याचीच लोकांना उत्सुकता. जिथे खूण नाही तिथे खूण नाही म्हणायची हिंमत पाहिजे.

आणि ही चित्रं घेतली कोणी? ब्रौवरची सतरा चित्रं रुबेन्सच्या घरात होती, तो रुबेन्स, राजेरजवाड्यांचा चित्रकार, घरात ग्रीक-रोमन पुतळे ठेवणारा. रेम्ब्रांटकडेही काही होती, १६५६ च्या त्याच्या दिवाळखोरीच्या यादीत सापडतात. म्हणजे पिणाऱ्या माणसाने पिणाऱ्यांसाठी काढलेली चित्रं वगैरे काही नाही, दर्दी लोकांनी घेतलेला दर्जेदार माल. बाकी व्यापारी, वकील, बिअरवाले वगैरे जी शहरी पैसेवाली मंडळी होती त्यांना यात दोन मजा मिळायच्या, एक म्हणजे हे गावंढळ आणि आपण सभ्य ही गुदगुली, आणि दुसरी, जी ते कबूल करत नसत, ती म्हणजे आपल्यालाही असं पसरून बसता आलं असतं तर. हा बघणारा माणूस पण काळाप्रमाणे बदलतो आणि ते एकाच चित्रकारात दिसतं. हार्लेमचा आद्रियान व्हान ओस्टाडे घ्या. तरुणपणी, १६३० च्या दशकात, त्याचे शेतकरी म्हणजे अंधाऱ्या खोपटात मारामाऱ्या करणारे, चेहरे बटाट्यासारखे. तोच माणूस १६६० च्या दशकात काढतो तेव्हा तेच शेतकरी खिडकीच्या उजेडात शांत बसून पाइप ओढतायत, पोरं खेळतायत, बाया सुखात. शेतकरी तीस वर्षांत सुधारले असं समजायचं कारण नाही, गिऱ्हाइकाची आवड सुधारली.

आता जरा माझ्या टेबलावरचं. लोक म्हणतात या चित्रांत काय तो गूढ तपकिरी अंधार. अहो त्यातला बराचसा वार्निशचा असतो. झाडांच्या राळेपासून बनवलेलं वार्निश पन्नास-शंभर वर्षांत पिवळं आणि मग काकवीसारखं तपकिरी होतं, त्याखाली निळा हिरवट दिसतो आणि पांढरा कॉलर मळका. चित्र साफ झालं की कित्येकदा गुत्त्यात चक्क दिवस असतो, खिडकीतून स्वच्छ ऊन आलेलं. उलटं पण होतं, काही रंग मुळातूनच मरतात, कोबाल्टच्या काचेची पूड करून बनवलेला स्वस्त निळा करडा पडतो, पिवळे सेंद्रिय रंग उडून जातात आणि पानं निळी दिसायला लागतात, ते परत आणता येत नाहीत. म्हणून रंगाच्या मूडवरून अर्थ काढणाऱ्यांना मी आधी विचारते की चित्र साफ कधी झालंय?

आणि कोणीतरी मध्ये हात मारलेला असतो तो वेगळाच. आद्रियानचा धाकटा भाऊ इसाक व्हान ओस्टाडे, त्याचं १६४३ चं गावजत्रेचं एक चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात पुढे एक झुडूप होतं. २०१५ मध्ये प्रदर्शनाआधी साफसफाई करताना कळलं की ते झुडूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी रंगवलंय, आणि त्याच्याखाली एक माणूस उघड्यावर शौचाला बसलाय. मूळ चित्रकाराला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, त्याच्या गिऱ्हाइकालाही नाही, जत्रा म्हटली की हे आलंच. अडीचशे वर्षांनी कोणाला तरी लाज वाटली. आता त्या झुडपावर कोणी निसर्गाचं प्रतीक वगैरे लेख लिहिला असता तर? अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेलं रंगकाम काळे डाग पडल्यासारखं दिसतं, त्यामुळे आमच्याकडे पहिलं काम दिवे बंद करून ते बघणं. इन्फ्रारेडने खालचं रेखाटन दिसतं, चित्रकाराने काय बदललं ते कळतं, आणि जी वस्तू त्याने तीनदा जागा हलवून बसवलीय ती त्याच्या लेखी महत्त्वाची, हा पुरावा मला कुठल्याही बोधाच्या पुस्तकापेक्षा भारी वाटतो.

मराठी माणसासाठी एक छोटीशी आडवाट. स्टेन ही चित्रं काढत होता तेव्हा वेंगुर्ल्याला डचांची वखार चालू होती, पडकी का होईना अजून उभी आहे, सिंधुदुर्गात गेलात तर बघा. त्या काळच्या डच चित्रांत टेबलावर मिरी, चिनी मातीची भांडी, पिंजऱ्यात पोपट दिसले की ते या जहाजांच्या धंद्यातून आलेलं, आणि तिथेही ते आधी पैसा दाखवायला असतं, पापपुण्य नंतर.

शेवटचं, चोर बाजारातलं चित्र. फोटोवरून काही ठामपणे सांगता येत नाही पण घरच्या घरी थोडं कळू शकतं. टेनियर्स (त्याच काळातला, अशीच चित्रं काढणारा फ्लेमिश चित्रकार) आणि ओस्टाडेच्या गुत्त्यांच्या नकला एकोणिसाव्या शतकात पोत्याने झाल्या, त्यामुळे खरं असण्याची आशा फार ठेवू नका. दागिन्यांचं भिंग मिळालं तर पृष्ठभाग बघा, बारीक ठिपक्यांची किंवा दाणेदार नक्षी दिसली आणि कॅनव्हासची वीण सगळीकडे एकसारखी दाबल्यासारखी असली तर ते ओलिओग्राफ आहे, म्हणजे छापलेलं, आपल्या मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधून जशी देवादिकांची निघायची त्या जातीचं. छापील नसेल तर उलटं करा आणि मागची बाजू बघा, समोरच्यापेक्षा मागे जास्त माहिती असते. ओकची फळी असेल आणि कडा मागून तासून पातळ केलेल्या असतील तर जरा थांबा, आणि फळीवर किल्ला आणि दोन हातांचा डागलेला शिक्का दिसला तर लगेच कळवा, तो अँटवर्पच्या गिल्डचा, सतराव्या शतकातला असू शकतो. कॅनव्हास असेल तर खिळे, जुनी लेबलं, लिलावाचे खडूचे नंबर, काहीही असेल ते तसंच ठेवा, स्वच्छ बिच्छ करू नका.

आणि समोरून तर मुळीच नाही. कापलेला बटाटा, कांदा, पाव, शाम्पू, ओला कपडा, खोबरेल, यातलं काही म्हणजे काही लावायचं नाही, मामेभावाला निक्षून सांगा. पाण्याने जुन्या चित्राचा रंग फुगून उचलतो आणि तेलाने आणखी धूळ धरते. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून आणि थेट उन्हातून काढा, भिंतीला ओल असेल तर मागे बुचाचे तुकडे लावून थोडी हवा खेळती ठेवा, आणि मला मागच्या बाजूचे दोन-तीन फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, चारही कोपरे येतील असे काढून पाठवा.